चौदा गोळ्या, चार दोऱ्या : मलेरिया प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

प्रकल्पाचं कागदावरचं नाव 'मलेरिया प्रतिबंध व उपचारांसाठी वर्तन बदल संवाद'. स्वयंसेविकांच्या पहिल्या बैठकीत ते वाचून दाखवलं, तर मागून प्रश्न आला, "ताई, वर्तन कुणाचं बिघडलंय?" हशा झाला. पण बाईचं चुकलं कुठे? वर्तणूक हा शब्द आपल्याला शाळेच्या दाखल्यावर भेटतो, 'वर्तणूक : चांगली'. वर्तन बदला म्हटलं की समोरच्याला आपण वाया गेलेला ठरवल्यासारखंच वाटणार. ठरलं : गावात हा शब्द काढायचा नाही. नुसतं 'मलेरियाचं काम' म्हणायचं.

दुसरा शब्द 'हिवताप'. भिंतीवर, पत्रकावर सगळीकडे तोच. घराघरांत मात्र 'थंडीताप' किंवा सरळ 'मलेरिया'. एका आजींना वाटत होतं हिवताप म्हणजे हिवाळ्यातला ताप. भिंती आता रंगवून झाल्यात, पण नव्या कागदांवर 'मलेरिया'.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडेही मोठ्या तयारीने सांगितले : २०२३ मध्ये जगात अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण, ५ लाख ९७ हजार मृत्यू. सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, "आणि आपल्या गावात?" ती वही मी नेलीच नव्हती.

९ जून

चित्रपुस्तिका घेऊन पहिली गटचर्चा. बारा पानं, बारा संदेश. चौथ्या पानापर्यंत लहान मुलं पांगली, सातव्याला बायका उठायला लागल्या, बारावं पान मी आणि पुस्तिका अशा दोघींनी पाहिलं.

चौथ्या पानावरच घोटाळा निघाला. डासाचं चित्र सुरेख, पण पायांवर पांढरे पट्टे. हा डेंगीचा डास, एडिस. तो दिवसा चावतो आणि घरातल्या भांड्याकुंड्यांतल्या पाण्यात वाढतो. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, बसताना शेपटाकडचा भाग वर करून तिरका बसतो, आणि त्याच्या बऱ्याच जातींना खड्डे, ओढ्याचे काठ, शेतातलं साचलेलं पाणी लागतं. चित्रकाराने इंटरनेटवर सापडला तो डास काढला, आम्ही तिघांनी तपासून सही केली. बायका शांतपणे पाहत होत्या. शेवटी एक म्हणाली, "हा तर दुपारी चावतो. मग रात्रीच्या मच्छरदाणीचं काय?" तिचा तर्क बिनचूक. चूक आमच्या पानाची.

पान फाडलं. पिंप झाका, टायर हलवा हे पाचवं पानही काढलं. ते काम गरजेचं आहेच, काही गावांत मलेरियाचा डासही टाकीत वाढतो, पण इथल्या तापाशी त्याचा संबंध थोडा. दोन आजारांचे दोन डास एकाच दमात सांगितले की माणूस दोन्हीतलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो.

१४ जून

आजवर घरभेटी सकाळी अकराला व्हायच्या. "मच्छरदाणी वापरता का?" "हो." वहीत टिक. सगळी वही टिकांनी भरलेली.

आज दिवेलागणीनंतर गेलो. अगोदर एका स्वयंसेविकेने चांगलंच खडसावलं : रात्री लोकांच्या झोपायच्या जागेत डोकावणं शोभतं का? तिचं ऐकलं. ज्यांनी बोलावलं त्याच घरांत गेलो, आणि जेवणं आटोपायच्या आत निघालो.

एका घरात सात-आठ वर्षांच्या मुलाने आमचं घोषवाक्य खड्या आवाजात म्हणून दाखवलं. पाठ अगदी चोख. मच्छरदाणी त्याच्या डोक्यावरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली. आईला कारण विचारलं. ती म्हणाली, "बांधायची कशाला?" मी लगेच मलेरियाचे तोटे सांगायला सुरुवात केली. तिने हाताने थांबवलं. "अहो, कशाला म्हणजे कशाला बांधू? खिळा कुठाय?"

एक खोली. दिवसा तिथेच बसणं, चूल, दप्तरं. दोन भिंती मातीच्या, त्यांत खिळा टिकत नाही. रोज रात्री चार कोपरे बांधायचे, पहाटे चार गाठी सोडायच्या, त्याही अंधारात.

१९ जून

या कामात एक पद्धत वापरतात : करणारे आणि न करणारे असे दोन गट घ्यायचे, प्रत्येकी ४५ माणसं, आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. काय सोपं जातं, काय अडतं, कोण हो म्हणतं, कोण नाही. उत्तरांत जिथे मोठी तफावत दिसते तिथे हात घालायचा. आम्ही चार दिवसांत विचारून संपवलं.

मलेरिया डासाने होतो, हे दोन्ही गटांना सारखंच ठाऊक. मच्छरदाणीने तो टळतो, हेही सारखंच. म्हणजे ज्या दोन गोष्टी सांगण्यात आमचा सगळा वेळ जात होता, त्यांत फरकच नाही. फरक कुठे? रोज लावणाऱ्यांच्या घरी दोऱ्या कायमच्या बांधलेल्या. बहुतेक ठिकाणी कुणीतरी, सासऱ्याने नाहीतर थोरल्या मुलाने, एकदाच बसून आडव्या वाशाला फास करून ठेवलेत. रात्री फक्त जाळी सोडायची.

हे काही नवं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या फुकट एक्स-रे तपासणीच्या गाड्या वस्त्यांजवळ उभ्या राहायच्या आणि तरी लोक फिरकायचे नाहीत. असं का, हे शोधताना हॉकबॉम, रोझेनस्टॉक या मानसशास्त्रज्ञांनी जे मांडलं, त्यात 'धोका वाटतो का' याच्या शेजारी 'अडचण किती' हा प्रश्न होता. पहिला प्रश्न आम्ही पाठ केला, दुसरा सोडून दिला.

२४ जून

संदेश बंद, दोऱ्या सुरू. गावातल्या एका काकांनी करून दाखवलं : वाशाला दोरीचे चार फास कायमचे, आणि जाळीच्या चारही कोपऱ्यांना तारेचे वाकवलेले आकडे. भिंतीकडचे दोन आकडे रात्रंदिवस अडकवलेलेच. सकाळी उरलेले दोन सोडायचे, जाळी गुंडाळून भिंतीशी वर खोचायची. रात्री दोनच आकडे अडकवायचे आणि कडा अंथरुणाखाली दाबायची. काकांच्या हाताला हे बसलेलं, मला पहिल्यांदा पाच मिनिटं लागली आणि एक कोपरा डोक्यावर पडला. बघायला आलेल्या बायकांना तेवढं एकच लक्षात राहिलं असावं.

२ जुलै

नवी तक्रार : नवीन जाळीत झोपलं की तोंड चुरचुरतं, डोळ्यांना पाणी येतं. खरं आहे. धाग्यात कीटकनाशक असतं. पाकीट फोडल्यावर जाळी सावलीत एक दिवस-रात्र पसरून ठेवायची, मग चुरचुर कमी होते. पाकिटावर हे बारीक अक्षरांत चित्रासह छापलेलं आहे, वाटपाच्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. वाटप होतं तासाभराचं, रांग, अंगठे, फोटो.

चुरचुर झाली म्हणून दोघींनी जाळी सोड्यात भिजवून, घासून, कडक उन्हात वाळवली. कीटकनाशकाला नेमकं तेच मारक. साधा साबण, गार पाणी, वाळवणं सावलीत, आणि धुणं उगाच वारंवार नाही. अशा जाळ्यांची चाचणी साधारण २० धुण्यांपर्यंतची असते. आठवड्याला धुतली तर पाच महिन्यांत तो हिशेब संपला.

त्या दोघींना रागावता येईना. स्वच्छ बाई ती, घरात नवं कापड आलं की धुवून वापरणारच.

११ जुलै

पाऊस धरलाय, ताप सुरू झालेत. आता जोर एकाच वाक्यावर : ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रक्त तपासायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून सांगितलंय की संशय आलेल्या प्रत्येकाची तपासणी आधी, औषध नंतर. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल तर मूल दोन-तीन दिवसांत बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं.

जागेवरच रक्त तपासायच्या किटचा सराव घेतला. बोटाला टोचायचं, ठरलेला थेंब, द्रावण, आणि मग वाट पाहायची. किटवर लिहिलेली पंधरा-वीस मिनिटं, ना कमी ना जास्त. किट चालतंय हे दाखवणाऱ्या 'सी'समोर रेघ नाही तर किट बाद, दुसरं घ्यायचं. दुसरी रेघ कितीही पुसट असली तरी ती रेघच. स्वयंसेविकांना पुसट रेघेवर 'थोडासा मलेरिया' म्हणायची सवय होती.

त्या पंधरा मिनिटांत काय करायचं, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा सापडलेला वेळ. माणूस समोर बसलेला, बोट दाबून धरलेलं, नजर त्या पट्टीवर. गटचर्चेत असं लक्ष कधीच मिळत नाही. जाळीचं, गोळ्यांचं जे काही सांगायचं ते इथे.

मलेरिया नाही निघाला तर अडचण वेगळी. माणूस म्हणतो, "मग ताप कशाचा? गोळ्या तरी द्या." नुसतं 'नाही' सांगून रिकाम्या हाताने परत पाठवलं तर तो पुढच्या वेळी येणार नाही. म्हणून स्वयंसेविकांनी वाक्य बसवलं : "तपासणीत मलेरिया नाही. म्हणून मलेरियाची गोळी देत नाही, ती वाया जाईल आणि खरा ताप लपेल. उद्याही ताप राहिला तर परत माझ्याकडे या, मी केंद्रावर पाठवते." चिठ्ठी हातात द्यायची, नाव-तारखेची.

१९ जुलै

किट संपले. वरून येणार होते, आले नाहीत. आठवडाभर आम्हीच ओरडून सांगतोय, ताप आला की लगेच तपासा. आज सहा जणं स्वयंसेविकेच्या दारातून परत गेली. तिने मला फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, आता मी घराबाहेर कशी पडू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन दुचाकीवरून केंद्रात पाठवल्या, निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

यापुढे साठा मोजल्याशिवाय दवंडी नाही. हे आराखड्यात लिहिलेलं नव्हतं, मी आज हाताने लिहिलं.

३ ऑगस्ट

व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे रुग्ण वाढलेत. आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी बरे झालेलेच पुन्हा तापाने आलेत. विचारलं तर सगळ्यांची गोष्ट एकच : तिसऱ्या दिवशी ताप गेला, गोळ्या थांबवल्या. उरलेल्या डब्यात जपून ठेवल्या, "पुढच्या तापाला".

व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. रक्तातले मेले, ताप उतरला, तरी हे आत असतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या, आमच्याकडे चौदा दिवस. म्हणजे ठणठणीत माणसाने अकरा दिवस औषध घ्यायचं. कुणाला पटावं?

मी यकृताचं चित्र दाखवत होते. चौकोनी, तपकिरी, खाली 'यकृत' लिहिलेलं. एक आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लव्हाळ्यासारखं. वरचं उपटलं तरी खाली गाठ राहते. पाऊस पडला की पुन्हा वर."

बस. सगळी बैठक हलली. शेजारची बाई दुसऱ्या बाईला सांगायला लागली, गाठी काढल्याशिवाय खुरपणीला अर्थ नाही. मी यकृत खाली ठेवलं. आठ वर्षं मी हे 'सुप्तावस्थेतील परजीवी' म्हणून सांगत आले.

९ ऑगस्ट

लव्हाळ्याने घोळ घातला. एका तरुणाने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या घेतल्या. त्याचं म्हणणं, "गाठ जाड असेल तर फवारणी डबल." चौदा दिवसांचं काम चार दिवसांत. पोटात मुरडा, उलट्या. वेळेत कळलं, केंद्रात नेलं, आता बरा आहे.

प्रायमाक्विन खेळायचं औषध नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, म्हणून शक्य तिथे आधी ती तपासणी करतात. गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देतच नाहीत. लघवी काळपट किंवा गडद चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, की गोळी बंद आणि तडक केंद्रात. हे सगळं मला माहीत होतं आणि लव्हाळा सापडल्याच्या आनंदात मी ते शेवटच्या दोन मिनिटांत उरकलं होतं.

आजोबांकडे परत गेले. त्यांना विचारलं, उपमा दुरुस्त कशी करायची? ते म्हणाले, "फवारणीचं नाव काढू नका. रोज एकेक गाठ काढायची म्हणा. एका दिवसात सगळं रान उकरलं तर पीकही जातं." उपमेचा मालक तोच, दुरुस्तीही त्याचीच. आता सांगताना शेवटी समोरच्याकडूनच वदवून घेतो : रोज किती, कितीपर्यंत, रिकाम्या पोटी की जेवल्यावर, आणि लघवीचा रंग बदलला तर काय. 'समजलं का?' विचारायचं नाही. त्याला 'हो' शिवाय दुसरं उत्तर नसतं.

२० ऑगस्ट

जागतिक डास दिन. १८९७ मध्ये याच दिवशी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत अ‍ॅनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. कार्यालयातून फेरी काढायचा आदेश. भर पावसात फेरी निघाली, फलक भिजले. संध्याकाळी दोन घरांत जाळीचे आकडे बसवून आले.

२९ ऑगस्ट

भांडण. एका वडिलांनी मुलाचे फॅल्सिपेरमचे सगळे डोस वेळेवर दिले, ताप गेला. दहाव्या दिवशी सर्दी-तापावर दुसऱ्या कुणीतरी किट लावलं, पुन्हा रेघ. वडील तणतणत आले : गोळ्या खोट्या.

गोळ्या खोट्या नव्हत्या. हे किट जंतू पाहत नाही, जंतूने रक्तात सोडलेलं प्रथिन पाहतं. जंतू मेला तरी ते कित्येक आठवडे रक्तात राहतं. उपचारानंतर लगेच हे किट लावण्यात अर्थ नाही, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. पाहिली, जंतू नव्हता. वडिलांना मी सांगितलं : विस्तव विझला तरी धुराचा वास घरात राहतो. त्यांनी मान डोलावली, पण पटलं असं नाही. सगळं नियमाने करणाऱ्या माणसाचा विश्वास गेला, आणि केवळ हे आधी न सांगितल्यामुळे. उपचाराच्या पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टींत हे वाक्य जोडलं.

२६ सप्टेंबर

वरून नवीन पोस्टर आलं : कवटी, काळी पार्श्वभूमी, 'मलेरिया जीव घेतो'. लावलं नाही. भीती घातली आणि लगेच करता येण्यासारखं काही हातात दिलं नाही, तर माणूस नजर फिरवतो. इथे तर बायका मुलांचे डोळे झाकून त्या भिंतीवरून जातील. पोस्टरांची मागची बाजू छान कोरी, गुळगुळीत आहे. तिच्यावर चौदा चौकोन आखून घेतले, रोजच्या गोळीला एक फुली.

८ ऑक्टोबर

जाळीच्या आकड्यांची फेरी. बसवलेल्या घरांत बहुतेक ठिकाणी जाळी रात्री सोडलेली, काही ठिकाणी आकड्याला दप्तर लटकलेलं. एक नवीन गोष्ट : पीक राखायला पुरुष शेतात झोपतात, तिथे ना वासा ना भिंत. चार काठ्यांवर जाळी उभी करून पाहिली, वाऱ्याने पाडली. तळाला दगड बांधून पुन्हा बघू. यावर सांगण्यासारखं माझ्याकडे अजून काहीच नाही, त्यामुळे तिथे बैठक घेत नाही.

२१ ऑक्टोबर

चौदा चौकोनांचे कागद परत गोळा करायला गेले. एका घरात तेराच फुल्या. चौदावा चौकोन रिकामा. मी वहीत 'अपूर्ण' लिहायला घेतलं. बाई आत गेली, डब्यातून गोळ्यांची पट्टी आणली आणि उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. चौदाही कप्पे फुटलेले. "शेवटची शेतात घेतली," ती म्हणाली. "पेन घरी होतं."

'अपूर्ण' खोडलं. पुढच्या वेळी कागदाबरोबर पट्टीही मागायची. पट्टी मी परत द्यायला लागले, तर म्हणाली, "राहू द्या तुम्हालाच. माझ्या जावेला दाखवा, तिची पाचवर अडकलीये."